पुण्याचे जोडीदार, आमचे बदली

संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, असा आमच्या शाळेत नियम होता. हात धुऊन यायचं, असाही होता. खरा नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता आणि तोच सगळ्यांत कडक होता: शक्यतो शिरायचंच नाही. खोलीची किल्ली मोठ्या सरांच्या खणात, खणाची किल्ली शिपाईमामांच्या कमरेला, आणि शिपाईमामा नेमके माझ्या तासाला चहा आणायला गेलेले. चहा आला की तास संपायचा.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी मी नाशिक सोडून सुरतेत आले होते आणि लिंबायतमधल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. मुलं जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या घरांची. बाप सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर. आया घरी बसून साड्यांना लेस लावायच्या, नाहीतर मागचे लोंबते धागे कापायच्या. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्यासमोर पुस्तकी मराठी, असा त्या पोरांचा दिवस असे. गावाकडे 'बाई' म्हणणारी मुलं इथे आली की आठवड्याभरात मला 'बेन' म्हणायला लागत. मीही लवकरच ओ द्यायला लागले.

शाळा आठवीपर्यंतच. पुढचं मराठी हायस्कूल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगे सायकली मारत जात, नाहीतर सरळ सांच्यावर लागत. मुलींना तेवढ्या लांब कोण धाडणार? आठवीचा निकाल लागला की मुलगी घरी बसायची आणि तिच्या मांडीवर साड्यांचा गठ्ठा यायचा. दर एप्रिलमध्ये मी हे बघायची आणि दर एप्रिलमध्ये माझं डोकं फिरायचं. नववीचा वर्ग काढा, म्हणून मी मोठ्या सरांच्या मागे लागले होते. ते म्हणायचे, "शेठना विचारू." विचारायचे मात्र नाहीत.

शेठ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. पलसाण्याच्या रस्त्याला त्यांचा साड्या रंगवायचा कारखाना होता. त्यांच्या ऑफिसात नवे संगणक आले तेव्हा त्यांनी जुना एक शाळेला दिला, सोबत इंटरनेटची जोडणीही करून दिली. दसऱ्याला त्याची पूजा झाली. नारळ फोडला, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि हळदकुंकू इतकं मनापासून वाहिलं की ते फ्लॉपी घालायच्या फटीत गेलं. तिथून पुढे त्या यंत्रानं एकही फ्लॉपी वाचली नाही. मराठी अक्षरांची फ्लॉपी पुण्याहून कुरिअरनं मागवली होती, ती तशीच मोठ्या सरांच्या खणात पडून राहिली. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो.

पुणं मध्ये आलं ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. आम्ही बी.एड.ला बरोबर होतो. ती आता पुण्यात एका चांगल्या शाळेत शिकवत होती. तिच्या शाळेनं इंटरनेटवर एक सामाईक फलक उघडला होता. दोन गावांतल्या मुलांनी त्यावर लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, आणि मिळून एक लेख तयार करायचा. विषय होता नदी. त्यांची मुठा, आमची तापी. आमच्या प्रत्येक मुलाला पुण्याचा एक जोडीदार. मी ही कल्पना घेऊन तडक शेठकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सारुं. फेब्रुवारीमां हुं जोवा आवीश. छोकरां पुणे साथे वात करी बतावे, तो नवमुं चालु करीशुं."

म्हणजे फेब्रुवारीत ते बघायला येणार, पोरं पुण्याशी बोलून दाखवतील तरच नववी; नववी त्या यंत्राच्या शेपटीला बांधली गेली. आणि यंत्र मोठ्या सरांच्या ताब्यात.

त्या दिवसांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि शाळेत टेलिफोन एकच होता, सरांच्या टेबलावर. मी नंबर लावला की यंत्र किंचाळायचं. किंचाळलं की सर तिकडे ऑफिसात "काय झालं, काय झालं?" म्हणून रिसीव्हर उचलायचे, आणि उचलला की लाइन तुटायची. मी त्यांना नीट समजावलं. "हो हो, आता कळलं," ते म्हणाले. पुढच्या वेळी त्यांनी लाइन लागली की नाही हे बघायला रिसीव्हर उचलला. मी उठून ऑफिसात गेले, पुन्हा समजावलं. तोवर वीज गेली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

अशा सगळ्या रामायणात एकच मुलगी होती जिच्यामुळे काम पुढे सरकायचं. आठवीतली, किरकोळ अंगाची, दोन घट्ट वेण्यांची. तिचे वडील रात्रपाळीला असत, आई लेस लावायची. लाइन कधी लागेल याचा भरवसा नसल्यामुळे मुलं आधी कागदावर लिहीत. ते कागद गोळा करायचे, नावं तपासायची, लाइन लागली की भराभर टाइप करायचं, हे तिनं न सांगता अंगावर घेतलं. कोणाचा जोडीदार उत्तराची वाट बघतोय हे तिला तोंडपाठ असे. आणि दिवसातून एकदा तरी ती मला विचारायची, "बेन, नववी निघेल ना?"

"निघेल," मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीची सुट्टी संपली आणि निम्मा वर्ग परत आलाच नाही. हे दरवर्षीचंच. उधन्याहून गाडीत बसून घरंच्या घरं दिवाळीला खानदेशात जायची आणि कापसाची वेचणी उरकूनच यायची. तुळशीचं लग्न लागलं की भावकीतली लग्नं सुरू. मी रिकामे बाक बघत बसले. पुण्याची मुलं लिहीत राहणार, आमची उत्तरं येणार नाहीत, मैत्रीण प्रकल्प गुंडाळणार, आणि शेठ फेब्रुवारीत येऊन काय बघणार, माझं कपाळ?

पण फलकावर उत्तरं येत होती. जी मुलं गावी होती त्यांच्याही नावानं, वेळेवर. मी मनाशी म्हटलं, गावाहून रोज कोणी ना कोणी येतंच; दादर ज्वारी येते, ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे येतात, भरताची वांगी येतात, तसे कागदही येत असतील. मला फार बरं वाटलं. त्या हिवाळ्यात एवढी एकच गोष्ट मनासारखी चालली होती.

मग पुण्याहून फोन आला. तोही मी लाइन लावत असतानाच, म्हणजे सगळं तुटून.

"अगं, तुझ्या त्या मुलाची आजी वारली होती ना?" मैत्रीण म्हणाली.

"कोणत्या मुलाची?"

तिनं नाव सांगितलं. तो बिचारा कापूस वेचायला गेला होता. दिवाळीआधी त्यानं खरंच लिहिलं होतं की आजी गेली. पुण्याचा त्याचा जोडीदार ते वाचून रडला होता, त्याच्या आईनं दोन ओळी सांत्वनाच्या लिहिल्या होत्या. आणि आता त्याच मुलाच्या नावानं मजकूर आला होता की आमची आजी झकास आहे, काल तिनं बिबडे केले, तू सुरतेला आलास तर देईन.

"आणि हा एकटाच नाही," ती म्हणाली. "एकीला आधी दोन भाऊ होते, आता तीन बहिणी आहेत. एकाचे वडील महिन्याभरात सांचेवाल्याचे रिक्षावाले झाले. तूच बसून लिहितेस का हे सगळं?"

मला असा संताप आला की मी फोन दाणकन आपटला. एक तर त्या पोरांवर, दुसरा तिच्यावर. जन्मात मी कुणाची आजी जिवंत केली नव्हती.

वर्गात गेले आणि विचारलं, "गावी गेलेल्यांच्या नावानं कोण लिहितंय?"

मला वाटलं होतं, माना खाली जातील. एकही मान खाली गेली नाही. मागच्या बाकावरचा एक जण उठून अगदी सरळ म्हणाला, "बदली टाकली ना, बेन."

"काय टाकलं?"

"बदली. तो गावी गेला ना. मग त्याच्या जागेवर मी."

पुढची पंधरा-वीस मिनिटं तो वर्ग मला शिकवत होता. सांच्यावरचा माणूस गावी निघाला की आधी बदली शोधतो. भाऊ, साडू, शेजारी, कोणीही. बदली त्याच्या सांच्यावर उभा राहतो, त्याच्याच नावावर काम करतो, आणि हा परत आला की बाजूला होतो. जो बदली न देता जातो त्याची जागा जाते, वर नाव खराब होतं ते वेगळं. आणि बदली म्हणून कोणी आपल्याला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, कारण उद्या आपल्यालाही गावी जायचंय. हे सगळं ती मुलं पाळण्यात असल्यापासून बघत आली होती. गावी जायच्या आधी प्रत्येकानं आपला बदली लावून दिला होता. त्यांच्या मते त्यांनी शहाण्यासारखं केलं होतं, आणि मी उगाच ओरडत होते.

"पण त्याची आजी वारली होती रे!" मी म्हटलं.

"ते त्यानं सांगितलं नाही, बेन. मी माझ्या आजीचं लिहिलं."

हसावं की रडावं ते मला कळेना. दोन वेण्यांची ती मुलगी उठली. बहुतेक बदल्या तिनंच लावून दिल्या होत्या आणि ज्यांना कोणी मिळालं नाही त्यांचं ती स्वतःच लिहीत होती. "तिकडचा पोरगा वाट पाहत बसला असता ना, बेन," ती म्हणाली. "उत्तर नाही आलं तर त्याला काय वाटलं असतं? आणि नववीचं पण होतं."

मी त्यांना एक भाषण दिलं. चांगलं दिलं. हा सांचा नाही, ही शाळा आहे. इथे कापड काढायचं नाही, प्रत्येकानं आपल्या मनातलं लिहायचंय. माझ्या नावानं फक्त मी बोलू शकते, तुझ्या नावानं फक्त तू. मुलं शांत बसून ऐकत होती, आमच्या वस्तीत पाहुण्याचं ऐकतात तशी. शेवटी मागच्या बाकावरच्यानं विचारलं, "मग जो गावी गेला त्याचं काम पडून राहू द्यायचं?"

मैत्रीण प्रकल्प बंद करायला निघाली होती. तिच्या शाळेत म्हणे स्वतंत्र अभिव्यक्तीला फार महत्त्व होतं. मी तिच्या हातापाया पडून तिला थांबवलं आणि मुलांकडून खरं काय ते लिहून घेतलं, ज्याचं त्याच्या नावानं. मी अमक्याचा बदली होतो, मी तमकीची बदली होते. लाइन पाच वेळा तुटली, पण सगळं गेलं. मला वाटलं, पुण्याची मुलं चिडतील. त्यांच्यातल्या एकानं विचारलं की आता त्याचा खरा मित्र कोणता समजायचा, आजी वारलेला की बिबडेवाला, कारण त्याला दोघंही आवडतात. दुसऱ्यानं विचारलं, घटक चाचणीला बदली देता येतो का? मैत्रिणीनं मला चिडून लिहिलं की तुझ्या पोरांनी माझी पोरं बिघडवली. एवढं लिहून तिनं प्रकल्प मात्र चालू ठेवला.

फेब्रुवारीत शेठ आले. मोठे सर सकाळपासून टेलिफोनपाशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. तेवढं मात्र त्यांनी त्या दिवशी केलं. आदल्या दिवशी त्यांनी मुलांच्या लेखातलं एक वाक्य काढायला लावलं होतं. वस्तीमागच्या खाडीला ज्या दिवशी कारखान्यांत जो रंग चालू असेल त्या रंगाचं पाणी येतं, असं मुलांनी लिहिलं होतं. "शेठ रंगवाले आहेत," सर म्हणाले. मी वाद घातला, हरले, वाक्य काढलं. नववीसाठी मी त्या दिवसांत काय काय गिळलं ते माझं मलाच माहीत.

शेठनी चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीवर बसले. लाइन लागली. दोन वेण्यांच्या त्या मुलीनं टाइप केलं, पुण्याहून लगेच उत्तर आलं, शेठ खूश झाले. सगळं सुरळीत चाललंय हे मोठ्या सरांना पाहवलं नसावं. उद्या कोणी शेठच्या कानावर घालण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असा विचार करून त्यांनी तिथूनच, टेलिफोनजवळून ओरडून, बदलीचं सगळं प्रकरण सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! ती मुलगी कळफलकावर बोटं ठेवून तशीच बसली.

शेठ मोठ्यानं हसले. "एमां खोटुं शुं छे, बेन?" ते मला म्हणाले. "काम तो अटक्युं नथी ने?" मग त्या मुलीकडे बघून म्हणाले, "हुशियार छे." आणि चपला घालता घालता मोठ्या सरांना सांगून गेले की जूनपासून नववी चालू करा.

मी नववीसाठी दोन वर्षं घसा कोरडा केला होता. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं होतं, मुलींचं भवितव्य सांगितलं होतं. नववी निघाली ती कशासाठी, तर पोरांनी उत्पादन बंद पडू दिलं नाही म्हणून. ज्या गोष्टीवर मी त्यांना रागावले त्याच गोष्टीला बक्षीस. मी चिडचिड करत घरी गेले. पण जाताना वाटेत पेढे घेतले, हेही खरं. ती मुलगी तर त्या दिवशी घरापर्यंत पळत गेली.

जूनमध्ये नववी सुरू झाली. नव्या वर्गाला खोली नव्हती, म्हणून संगणकाची खोली दिली. संगणक मोठ्या सरांच्या ऑफिसात गेला आणि तिथे आच्छादनाखाली कायमचा निजला. मुलींनी सवयीनं चपला बाहेर काढल्या. मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. दोन वेण्यांच्या त्या मुलीचं नाव आलं, मी मोठ्यानं उच्चारलं, आणि भलत्याच आवाजात "हजर" आलं.

मी मान वर केली. आवाज आला तिथे एक थोराड मुलगी बसली होती. चेहरा ओळखीचा होता. आमच्याच शाळेची, आदल्या वर्षी आठवी होऊन घरी बसलेली. लेस लावून लावून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले.

"तू इथे कशी?"

ती उभी राहिली. "बेन, मी तिनी बदलीमा वनू."

तिच्या बदलीत आलेली! त्या मुलीची आजी गावी पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. आईनं सुरतेतलं काम सोडलं तर घर चालणार नाही, म्हणून मुलीला धाडलं होतं आजीचं करायला. जायच्या आधी तिनं शेजारच्या घरी जाऊन हिला लावून दिलं होतं.

"दिवाईलोंग ती ई जाई," ती म्हणाली. "तवलोंग मी. जागा जावाले नको म्हनीसन. जे शिकाडशात ते मी लिखी ठेवसू तिनाकरता."

मी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. माझं भाषण गेलं कुठे? मग एकदम माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "अगं, पण तुझी पण आठवी झालीय ना? मी तुझंच नाव घालते नववीला. तिची जागा तिला राहील, तुझी तुला. बाक रिकामे आहेत. उद्या वडिलांना घेऊन ये."

तिनं मान हलवली. "मना बाप नही म्हनस."

"मग आज कसं पाठवलं?"

"मनाकरता नही म्हनस," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मला काही ठाऊक नाही म्हणून ती मला समजावून सांगत होती. "तिनी बदली शे, म्हनीसन धाडं माले. बदलीले नही कसं म्हनतीन?"

"आणि ती दिवाळीला आली की तू?"

"मंग मी घर."

मला राग आला, एवढंच सांगता येईल. कोणावर ते सांगता येणार नाही. त्या बापावर, त्या मोडलेल्या हाडावर, शेठवर, माझ्यावर. ज्या मुलीला स्वतःच्या नावानं नववीत बसायची मुभा नव्हती तिला दुसरीच्या नावानं होती, आणि प्रत्येकानं आपल्याच नावानं ओ द्यायची, असं ह्याच शाळेत त्यांना शिकवणारी मी होते. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी काय करते याची त्या वाट पाहत होत्या. ती उभीच होती, वही छातीशी धरून. वहीवर तिनं त्या मुलीचं नाव घातलं होतं.

"खाली बस," मी म्हटलं.

मग मी पेन्सिल उचलली आणि त्या मुलीचं नाव पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण घेतलं.

"हजर," ती म्हणाली.

मी हजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं.